हक्क कोणाकडे आणि पैसा कधी?

चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी स्वतः लिहून स्वतः निर्मिती करणाऱ्यांच्या व्यवसायाबद्दल प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. इंदूर, ग्वाल्हेर आणि वडोदरा येथून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. कॅमेरा कोणता घ्यावा आणि ओळखी कशा वाढवाव्यात, असे विचारणारी पत्रे बरीच होती. ती मी बाजूला ठेवली, कारण कॅमेरा भाड्याने मिळतो आणि ओळखी काम करता करता होतात. एकदा हातून गेले की परत येत नाही, अशा गोष्टींबद्दल ज्यांनी विचारले आहे त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा असून इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे. स्पर्धांसाठी एकांकिका लिहिल्या आहेत. आता मालिका आणि चित्रपट लिहावेत व पुढे स्वतः निर्मितीही करावी, अशी इच्छा आहे. त्यासाठी मुंबईलाच जाऊन राहावे लागते, की इंदूरमध्ये राहून हे काम करता येईल?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

आपल्या भागाचा इतिहास पाहिला, तर मुंबईला जावे असेच म्हणावे लागते. सलीम खान इंदूरचे आणि जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा. पण पटकथालेखकाला पोस्टरवर नाव आणि बाजारात भाव मिळवून देणारी ही जोडी जमली ती मुंबईत, आणि सलीम खान तर मुळात नट व्हायला गेले होते. त्याहून मागे गेलो तर दादासाहेब फाळके वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले, परंतु १९१३ साली पडद्यावर आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी मुंबईत केला आणि त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेची वारी केली. लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता एकाच माणसाने व्हायचे ही आपल्याकडची रीत तिथूनच सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. गहाणखताची रीतही तिथलीच.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. लेखन कुठेही बसून होते. चित्रीकरणासाठी तर मुंबईची मंडळीच आपल्याकडे येतात; महेश्वरचे घाट अनेक हिंदी चित्रपटांत दिसले आहेत आणि चित्रीकरणाला अनुकूल राज्य म्हणून मध्य प्रदेशाला २०१७ आणि २०२० या वर्षांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आहेत. मुंबईवाचून जे अडते ते विकणे. वाहिन्यांची आणि ओटीटी कंपन्यांची निर्णय घेणारी माणसे तिथे बसतात, आणि भेट पुढे ढकलली गेली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसण्याची तयारी लागते. अवंतिका एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते, ही सोय मोठी आहे. पण ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ती पुरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की दोन-तीन वर्षे मुंबईत नोकरी करावी आणि ती शक्यतो दिग्दर्शकाच्या हाताखाली न करता निर्मितीच्या बाजूला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर किंवा प्रॉडक्शन कंट्रोलर यांच्या हाताखाली करावी. दिग्दर्शकाचे काम सेटवर सर्वांना दिसते, पण पैसा कुठे मुरतो ते व्हाउचरांच्या फाइलीतच कळते. लेखकाला त्याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. एका दृश्याचा मथळा पाहा : ‘बाह्य – घाट – रात्र – पाऊस’. लिहिणाऱ्याला हे चार शब्द आहेत. निर्मात्याला त्यात पाण्याचे टँकर दिसतात, जनरेटर आणि त्याचे डिझेल दिसते, उंचावर लावायचे दिवे आणि ते लावणारी जादा माणसे दिसतात, रात्रपाळीचा वाढीव मेहनताना दिसतो, भिजणाऱ्या पोशाखांचे दुसरे-तिसरे जोड दिसतात आणि एवढे करून रात्रभरात दोनच दृश्ये होतील हेही दिसते. जो स्वतः लेखक आहे आणि स्वतः निर्माताही, तो त्याच प्रसंगाला ‘अंतर्गत – ओसरी – पहाट’ असा मथळा देतो, रात्रभर पाऊस पडून गेल्याचे छपरावरून ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजाने आणि कोपऱ्यात निथळत ठेवलेल्या छत्रीने सांगतो, आणि पुष्कळदा तो प्रसंग आधीपेक्षा चांगला होतो. दुसऱ्याच्या पैशाने काम करणारा लेखक ही काटकसर सहसा शिकत नाही.

रोजच्या मालिकेचे लेखन हा मात्र वेगळा धंदा आहे, हे लक्षात ठेवावे. तिथे कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळ्या व्यक्ती लिहितात. जाहिरातींना तासाला बारा मिनिटांची मर्यादा असल्यामुळे अर्ध्या तासाचा भाग बावीस-तेवीस मिनिटांचा धरला जातो आणि तेवढा मजकूर आठवड्याला पाच-सहा वेळा तयार ठेवावा लागतो. हात चालता राहण्यासाठी आणि नियमित पैसे मिळण्यासाठी ते उत्तम. पण त्यातले काहीही आपले राहत नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र लघुपट आणि माहितीपट करतो. एका वाहिनीने आमची कल्पना पसंत करून तेरा भागांचा साप्ताहिक कार्यक्रम देऊ केला असून भागाला दोन लाख रुपये आणि वर जीएसटी असा मोबदला ठरला आहे. करारात सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभर आणि कायमस्वरूपी वाहिनीकडे राहतील असे कलम आहे. कल्पना आमची, मेहनत आमची आणि हक्क त्यांचे, हे योग्य आहे का? सही करावी का?
— चार मित्र, दांडिया बाजार, वडोदरा

सही करावी, परंतु आपण काय विकत आहात हे समजून करावी.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि दूरचित्रवाणीचा कार्यक्रमही त्यात मोडतो. मात्र एखाद्याने मोबदला देऊन आपल्यासाठी चित्रफीत करवून घेतली असेल, तर उलट करार नसल्यास तिचा पहिला मालक तो करवून घेणारा ठरतो. म्हणजे हे कलम करारात नसते, तरी तयार भागांची मालकी बहुतेक वाहिनीकडेच गेली असती. म्हणून त्या एका वाक्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. वाहिनीच्या पैशाने आणि वाहिनीच्या सांगण्यावरून काम करणारा निर्माता व्यवहारात ठेकेदार असतो. प्राप्तिकर खातेही वाहिनीकडून अशा निर्मितीच्या रकमेवर ठेकेदाराच्या दराने, म्हणजे एक किंवा दोन टक्के, करकपात करवते, तर लेखकाच्या मानधनावर दहा टक्के कापले जातात. आपण स्वतंत्र निर्माते आहोत, असे चारचौघांत सांगायला हरकत नाही, पण या कामापुरते तरी आपण स्वतंत्र नाही.

भांडायचे असेल तर पुढील गोष्टींसाठी भांडावे. पहिली म्हणजे संहिता. तेरा भागांचे लेखन ही चित्रफितीहून निराळी साहित्यकृती आहे आणि तिचा कर्ता आपल्यापैकी जो लिहील तो. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर वापरांतून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा, समान वाटा सोडून देता येत नाही. करारात तसे लिहून घेतले तरी ते ग्राह्य धरले जात नाही. शिवाय जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्यासाठीचे हक्क नाव घेऊन लिहून दिल्याशिवाय जात नाहीत. ‘आज असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द करारात असतात ते याच तरतुदीला वळसा घालण्यासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे कल्पनेची चौकट. याच धर्तीवरचा कार्यक्रम दुसऱ्या भाषेत झाला, किंवा दुसरा सीझन आला, तर ते काम आधी आपल्याला विचारले जाईल आणि मूळ संकल्पनेचे श्रेय आपल्या नावाने दिले जाईल, एवढे लिहून मागावे. हे मिळणे अगदीच अशक्य नसते, कारण त्यासाठी वाहिनीला आज खिशात हात घालावा लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे करारातील व्याख्यांचे पान, जे कोणी वाचत नाही. ‘कार्यक्रम’ या शब्दाच्या व्याख्येत ‘त्यासाठी केलेले सर्व संशोधन, टिपणे, मुलाखती व त्यांवर आधारित सर्व कृती’ असे असेल, तर मुलाखतींच्या न वापरलेल्या फितीही गेल्या. त्या पुढे एखाद्या माहितीपटाचे भांडवल ठरतात. वाहिनी वापरणार नाही असे चित्रण आपल्याकडे राहील, हे वाक्य घालून घ्यावे.

आता पैशाकडे वळतो, कारण तो कधी हाती येणार याबद्दल पत्रात एकही ओळ नाही आणि खरा धोका तिथेच आहे. समजा, भागाचा खरा खर्च १ लाख ७५ हजार आहे. म्हणजे भागामागे २५ हजार आणि तेरा भागांवर ३ लाख २५ हजार रुपये सुटतील. वाहिनी महिन्याच्या अखेरीस बिल घेणार आणि बिलानंतर साठ दिवसांनी रक्कम देणार, असे धरू. याहून जास्त वाट पाहायला लावणारेही आहेत. पहिले चार भाग प्रसारित झाले की पहिले बिल जाईल आणि त्याची रक्कम हाती येईल तेव्हा तेरावा आठवडा उजाडलेला असेल. म्हणजे पहिला रुपया येण्यापूर्वी तेराच्या तेरा भाग तयार झालेले आणि २२ लाख ७५ हजार रुपये खर्चून झालेले असतील. त्यातच ८ लाखांच्या पहिल्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरावा लागेल, मग वाहिनीने पैसे दिलेले असोत वा नसोत. आपण खर्चावर भरलेला कर त्यातून वजा होतो हे खरे. पण जेवण पुरवणाऱ्या मावशी, जीपवाला आणि होतकरू कलाकार यांच्याकडून जीएसटीचे बिल येत नाही, तेव्हा वजावट फारशी निघत नाही. यासाठी सरासरी पंधरा लाख रुपयांचे कर्ज दरमहा शेकडा दोन दराने सहा महिने वापरले, तर व्याज १ लाख ८० हजार होते. निम्म्याहून अधिक नफा तिथेच संपला, आणि अजून पावसाने बुडालेला एकही दिवस मी हिशेबात धरलेला नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे टप्प्याटप्प्याने रक्कम मागणे : सहीच्या वेळी काही टक्के, पहिले चार भाग मंजूर झाल्यावर काही, उरलेली प्रसारणानंतर. दर भागाला दहा हजार कमी घेऊनही हे मिळत असेल तर आनंदाने घ्यावे. उद्यम नोंदणी करार होण्यापूर्वीच करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सहसा कोणी करत नाही, कारण पुढचे काम हवे असते. पण नोंदणीचा क्रमांक बिलावर छापलेला असला की वाहिनीच्या हिशेब खात्यात त्या बिलाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते.

शेवटचे, आणि हे चौघांसाठीच. आपापसातला करार वाहिनीच्या कराराआधी करा. कोणी किती घातले, लेखक कोण, एकजण बाहेर पडला तर नाव कोणाकडे राहील, हे मैत्री घट्ट असतानाच लिहून होते.

प्रश्न : ग्वाल्हेरमधील एका दिवंगत लेखकाची कथा मला जुन्या दिवाळी अंकात मिळाली. त्यावर चित्रपट करावा असे मनात आहे. लेखकाचे निधन १९७८ साली झाले. अंकही बंद पडून पुष्कळ वर्षे झाली. इतक्या जुन्या कथेसाठी परवानगी लागते का, आणि लागत असल्यास ती कोणाकडून घ्यावी?
— एक शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर

लागते. साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १९७८ साली निधन झाले असेल, तर मुदत १९७९ च्या आरंभापासून मोजायची. म्हणजे ३१ डिसेंबर २०३८ पर्यंत हक्क जिवंत आहेत. अंक बंद पडला याने काही बिघडत नाही. लेखक अंकाच्या नोकरीत नसेल आणि त्याने हक्क लिहून दिले नसतील, तर मानधन घेऊन किंवा न घेता कथा छापायला दिली एवढ्याने हक्क संपादकाकडे जात नाहीत. ते वारसांकडे आहेत.

वारस शोधणे हे आपल्यासारख्या गावात त्या मानाने सोपे असते. पण मुलगा भेटला आणि तो आनंदाने ‘करा की’ म्हणाला, एवढ्यावर थांबू नये. बहिणी, दिवंगत भावाची मुले, परदेशात गेलेली नात अशा सर्वांची संमती लागते; मृत्युपत्र असेल तर ते पाहावे लागते. चित्रपट पूर्ण झाल्यावर न विचारलेली एखादी पुतणी नोटीस पाठवते, तेव्हा तिची बाजू कायद्याने बरोबर असते.

संमती तोंडी चालत नाही. हक्क लिहून देणाऱ्याच्या सहीचा लेखी करार हवा, आणि त्यात कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि मोबदला किती हे स्पष्ट हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. मिळालेला हक्क एक वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास तो परत जातो. चित्रपटाचे पैसे जमायला एक वर्ष कधीच पुरत नाही, हे जाणून मुदत लिहून घ्यावी.

आपल्याकडे आज भांडवल नसेल, तर संपूर्ण हक्क विकत घेण्याची घाई करू नये. थोडी रक्कम देऊन दोन वर्षांसाठी ‘ही कथा दुसऱ्या कोणाला देणार नाही आणि ठरलेल्या किमतीला मलाच द्याल’ असे लिहून घ्यावे. याला व्यवसायात ऑप्शन म्हणतात. स्वतंत्र निर्मात्याची खरी मिळकत अशाच कागदांची असते. कपाटात चार चांगल्या कथांचे ऑप्शन असलेला माणूस, ज्याच्याकडे चार कॅमेरे आहेत त्याच्यापेक्षा पुढे आहे, असे मी मानतो.

वारस खरोखरच सापडले नाहीत, तर न्यायालयाकडून परवाना मिळवण्याची तरतूद कायद्यात आहे. जाहिरात द्यावी लागते, वेळ लागतो. पण मार्ग आहे.

प्रश्न : मी एका निर्मितीसंस्थेला मालिकेची कल्पना ईमेलने पाठवली होती. उत्तर आले नाही. वर्षभराने तशाच विषयावर मालिका सुरू झाली. काही करता येईल का?
— एक वाचक, स्नेहनगर, इंदूर

आपण सोबत जोडलेले टिपण वाचले. ते दीड पानाचे आहे आणि त्यात ‘सासू आणि सून एकत्र व्यवसाय सुरू करतात’ एवढा विषय व तीन पात्रांची वर्णने आहेत. यावर दावा टिकणार नाही, हे स्पष्ट सांगतो. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्याबद्दलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकाल दिला, की कल्पना, विषय अथवा कथाबीज यांवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला ही नक्कल आहे असे नि:संशय वाटले पाहिजे. प्रांतभेदाच्या विषयावर दोघांनी लिहिले, एवढे पुरेसे नाही, असे तो निकाल सांगतो आणि अजूनही तोच मोजपट्टी मानला जातो.

पुढच्या वेळी कल्पना न पाठवता मांडणी पाठवावी : पहिल्या भागाची संपूर्ण पटकथा, पुढील भागांचे घटनाक्रमासह सारांश, पात्रांमधील नात्यांचे वळण. पाठवण्यापूर्वी त्याची नोंद करावी. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झाल्यास नोंदणी घरबसल्या होते, आणि कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीचे शुल्क पाचशे रुपये आहे. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, तो लिहिल्याक्षणीच होतो. मात्र अमुक तारखेला अमुक मजकूर आपल्याकडे होता, याचा पुरावा मिळतो. भीतीपोटी काहीच न दाखवणे हा मार्गही बरोबर नाही. न दाखवलेली पटकथा सुरक्षित राहते, पण विकली जात नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने बँकेची नोकरी सोडून लेखन आणि निर्मिती करायचे ठरवले आहे. आम्ही अडवले नाही, पण काळजी वाटते. या व्यवसायात घर चालते का?
— एक आई, रामबाग, इंदूर

काळजी रास्त आहे. सुरुवातीची चार-पाच वर्षे केवळ स्वतःच्या कथांवर घर चालत नाही. ज्यांचे चालते ते दुसऱ्या कामांवर चालते : कारखान्यांच्या आणि रुग्णालयांच्या माहितीफिती, सरकारी खात्यांचे माहितीपट, डबिंगसाठी हिंदी-मराठी भाषांतर, दुकानांच्या जाहिराती, शैक्षणिक चित्रफिती. आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात ईएमआरसीसारखे शैक्षणिक चित्रफितींचे केंद्रच आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही घरच्यासारख्या बोलणाऱ्या इंदूरच्या मुलीला भाषांतराचे काम मुंबईतल्या लेखकापेक्षा सहज जमते, आणि त्याचे पैसे मालिकेच्या पैशांपेक्षा वेळेवर येतात.

आपण दोन गोष्टी पाहाव्यात. घराचे खाते आणि कामाचे खाते वेगळे असावे. आणि राहते घर तारण म्हणून देऊ नये. मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा कंपनी काढली, की कर्ज तिच्यापुरते राहते असे समजतात, परंतु बँक संचालकाची वैयक्तिक हमी मागते आणि पुष्कळदा आईवडिलांचीही. त्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या वकिलांना दाखवावा. बाकी, बँकेत काम केलेली मुलगी हिशेब ठेवते. या व्यवसायात तेवढ्यानेच ती अनेकांच्या पुढे आहे.

प्रश्न : मराठी चित्रपटासाठी सरकारी अनुदान, किंवा ओळखीच्या लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून भांडवल, यांपैकी कोणता मार्ग चांगला?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

अनुदान हे भांडवल नव्हे. महाराष्ट्र शासनाच्या योजनेत ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला चाळीस लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला तीस लाख रुपये ठरवण्यात आले, पण दर्जा ठरतो तो चित्रपट पूर्ण होऊन समितीने पाहिल्यावर. राज्यात चित्रीकरण केल्याबद्दल मध्य प्रदेश जे अनुदान देते, तेही खर्च केल्यावर आणि अटी पूर्ण झाल्यावर. म्हणून अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला ती रक्कम शून्य धरावी. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी मात्र राज्याच्या पर्यटन विभागाकडे जरूर जावे; मांडूसारखी केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारके असतील तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी निराळी घ्यावी लागते.

वर्गणीच्या बाबतीत सर्वजण ‘मंथन’चे उदाहरण देतात. १९७६ च्या त्या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, हे खरे. पण त्यामागे त्या शेतकऱ्यांची आधीच उभी राहिलेली सहकारी संस्था होती. आपल्यामागे तशी संस्था नसेल, तर पाचशे ओळखीच्या लोकांना परतावा कबूल करून पैसे घेणे हे अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. परतावा न सांगता मदत म्हणून घ्यावे, नाहीतर मोजक्या भागीदारांना कंपनीत रीतसर घ्यावे.

तिसरा मार्ग आपण लिहिलेला नाही. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, २००७ पासून भरवलेल्या फिल्म बाजारात पटकथा, सहनिर्मिती आणि अर्धवट झालेले चित्रपट अशा प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र विभाग असतात. तिथे निवड झाली तर पैसे लगेच मिळतील असे नाही, पण आपल्या पटकथेला दुसऱ्या देशातून सहनिर्माता मिळण्याची शक्यता इंदूरच्या कोणत्याही दिवाणखान्यापेक्षा तिथे अधिक आहे.

प्रश्न : चित्रपटाचे नाव आधी नोंदवून ठेवावे का?
— एक वाचक, वडोदरा

नावावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. निर्मात्यांच्या संस्थांकडे नाव नोंदवले, तर त्या संस्थेचे इतर सभासद ते वापरत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. मराठीसाठी कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे ही नोंद होते. आपण पटकथा अजून लिहिलेली नाही, असे पत्रात म्हटले आहे. ती आधी लिहावी. नावाचे शुल्क भरायला नंतर वेळ मिळेल.